वतामूच्या वाळूवर तंबू टाकण्याआधी तिथी बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा. नैरोबीजवळच्या एका शाळेत तू सहा महिने स्वयंसेवक म्हणून शिकवते आहेस. तुम्ही सहा जण, चार मुली आणि दोन मुलगे. फेब्रुवारीतल्या पौर्णिमेच्या शनिवार-रविवारी केनियाच्या किनाऱ्यावरच्या वतामूला जाऊन समुद्राकाठी वाळूत दोन रात्री तंबूत राहायचं असं ठरलंय. चांदणं मिळावं म्हणून मुद्दाम पौर्णिमा निवडली आहे. तंबू कोणता घ्यावा, खाली काय अंथरावं, आणि ‘एकंदरीत सेफ आहे ना?’ हे तू विचारलंयस. माझ्या भाचीच्या वयाची आहेस म्हणून एकेरीत लिहिते, राग मानू नकोस.

मी मूळची हर्णैची. गेली अकरा वर्षं केनियात आहे आणि परदेशातून येणाऱ्या स्वयंसेवकांच्या राहण्या-फिरण्याची व्यवस्था बघणं हेच माझं काम. किनाऱ्यावर तंबू घेऊन निदान तीसेक वेळा तरी गेले असेन. त्या अनुभवावरून सांगते, तंबू कुठलाही चालेल. तुमची खरी अडचण वेगळी आहे: झोपायचं कुठे, आणि कुठल्या तिथीला. तंबूवाल्याच्या दुकानात जाण्याआधी ही दोन उत्तरं हातात हवीत. तू निवडलेली तिथी त्यात सगळ्यात वाईट आहे.

का ते सांगण्याआधी माझीच फजिती ऐक. इथे येऊन मला सहा-सात महिने झाले होते, स्वाहिली मोडकीतोडकी यायची. मोम्बासाच्या दक्षिणेला एका गावाजवळ आम्ही आठ जण गेलो होतो, पौर्णिमाच होती. तंबू लावताना मी एका म्हाताऱ्या कोळ्याला विचारलं, पाणी कधी भरणार? तो म्हणाला, ‘सा कूमी’. कूमी म्हणजे दहा एवढं मला येत होतं. रात्री दहाला मी बॅटरी घेऊन बघायला गेले तर पाणी पार खडकांच्या रांगेपलीकडे, मध्ये चांदण्यात चमकणारी ओली वाळू. मी सगळ्यांना जाहीर केलं, हीच भरती, बिनधास्त झोपा. पहाटे सव्वाचारला पायाशी ठेवलेली चप्पल तंबूत तरंगत होती. माणसं वाचली, कारण त्या किनाऱ्याला लाट नव्हती, पाणी नुसतं चढत आलं. पण दोन फोन, एक पासपोर्ट आणि सगळ्यांचे कोरडे कपडे गेले.

म्हाताऱ्याने काही चुकीचं सांगितलं नव्हतं. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात आणि रात्रीचे सूर्यास्तापासून. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. त्या हिशेबाने दहावा तास म्हणजे चार. घड्याळातल्या आकड्यातून सहा वजा करायचे किंवा त्यात सहा मिळवायचे. ही गोष्ट नीट लक्षात ठेव, कारण मटाटू (इथली प्रवासी व्हॅन) कधी सुटणार, होडी कधी येणार, सगळं तुला याच हिशेबात सांगितलं जाईल. नैरोबीच्या शहरी शाळेत इंग्रजीवर निभावतं म्हणून हे कळत नाही, किनाऱ्यावर कळतं. शंका असेल तर ‘सकाळी का संध्याकाळी?’ एवढं न विचारता घड्याळाच्या काट्यावर बोट ठेवून विचार.

आता भरतीचं. हर्णैला माझी आजी भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघून भरतीची वेळ सांगायची. सोपा हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा येतात, व्यवहारात बाराच्या आसपास धरायचे. पुढे सहा तासांनी ओहोटी, आणि रोज पाऊण तासाने सगळं पुढे सरकतं. केनियाच्या किनाऱ्यालाही चंद्र तोच, फक्त भरती पोचायची वेळ वेगळी. कोकणातल्या उत्तरात चार तास मिळवले की इथलं घड्याळ बऱ्यापैकी जुळतं, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. मोम्बासाचं बंदर चालवणारं केनिया पोर्ट्स अथॉरिटी भरती-ओहोटीचं अधिकृत कोष्टक काढतं. जायच्या आधी ते बघायचंच. पण कोष्टक वाचताना मनाशी हा आजीचा ठोकताळा असला की वेडीवाकडी चूक होत नाही.

मग पौर्णिमेला काय होईल ते मांड. बारा अधिक चार, म्हणजे संध्याकाळी चारला आणि पहाटे चारला भरती. त्यातून पौर्णिमा म्हणजे उधाण. इथे उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक तीन ते चार मीटर असतो, आणि सगळ्यात मोठं उधाण पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येतं, तुम्ही तिथे असाल तेव्हाच. थोडक्यात, महिन्यातलं सगळ्यात उंच पाणी तुमच्या सगळ्यात गाढ झोपेच्या वेळेला येणार. इथल्या उधाणाची वेळच अशी आहे, दर पौर्णिमेला आणि दर अमावास्येला. ओहोटी सकाळी दहाला आणि रात्री दहाला. म्हणजे सकाळी न्याहारी करून पोहायला निघालात की समोर उघडे पडलेले खडक, गुडघाभर डबकी आणि काळे काटेरी साळे (समुद्रातले, इंग्रजीत सी-अर्चिन). पोहायची वेळ येते दुपारी, ऊन डोक्यावर असताना.

आता एक आठवडा अलीकडे ये. तुमच्या पौर्णिमेच्या आधीचा शनिवार म्हणजे शुद्ध अष्टमीच्या आसपास. सहा अधिक चार, दहा. सकाळी दहाला भरती, रात्री दहाला भरती, पहाटे चारला ओहोटी. वर आपण ज्याला भांग म्हणतो ते दिवस, पाण्याची चढउतार उधाणाच्या मानाने फारच कमी. रात्री दहाला सगळे जागे असताना पाणी कुठवर आलं ते डोळ्यांनी बघायचं आणि मग झोपायचं, कारण तिथून ते मागेच जाणार. सकाळी उठून नऊ ते अकरा आरामात पोहायचं. आणि चांदणं? शुद्ध अष्टमीचा चंद्र संध्याकाळी डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. गप्पा संपेपर्यंत उजेड, नंतर काळोखात तारे. वद्य अष्टमीलाही भांगच, पण चंद्र मध्यरात्री उगवतो, तेव्हा तुमच्या कामाचा नाही.

(भांग हा शब्द इथे जरा जपून वापर. स्वाहिलीत ‘बांगी’ म्हणजे गांजा, शब्द आपल्याकडूनच गेलेला. मी एकदा उत्साहाने होडीवाल्याला समजावत होते की आमच्याकडे या पाण्याला भांग म्हणतात, तर तो दोन पावलं मागे सरकला. उधाणाला त्यांच्याकडे ‘बामवूआ’ म्हणतात, भांगाला ‘माजी माफू’, मेलेलं पाणी.)

तारीख बदलणं जमणारच नसेल तर पौर्णिमेलाही जाता येतं, पण मग वाळूवर झोपायचं नाव काढायचं नाही. तंबू कुंपणाच्या आत, बागेत किंवा नारळांच्या पलीकडे.

म्हणजे प्रश्न ‘कुठे’वर आला. कोकणच्या किनाऱ्यावर वाळू संपते तिथे जांभळ्या फुलांची, दुभंगलेल्या पानांची वेल पसरलेली असते, आपण तिला मर्यादवेल म्हणतो. तीच वेल इथेही आहे. नाव अगदी चपखल: समुद्राची मर्यादा कुठे, ते ती दाखवते. वाळूवर सुकलेल्या शेवाळाच्या, काटक्यांच्या दोन-तीन रेघा दिसतील. खालची आजची, वरची गेल्या उधाणाची. सगळ्यात वरच्या रेघेच्याही वर, वेल जिथे दाट होते तिथून पुढे तंबू लागतो. वेलीवर मात्र लावायचा नाही, वाळू तिने धरून ठेवलेली असते.

आणि इथे दुसरी गोम आहे. केनियात भरतीच्या रेघेखालचा किनारा सार्वजनिक, तिथे फिरायला कुणी अडवू शकत नाही. रेघेच्या वरची जमीन बहुतेक ठिकाणी कुणाची तरी: हॉटेलची, बंगल्याची, गावाची. वेलीच्या खाली समुद्राची मालकी, वेलीच्या वर माणसाची. मधली अशी जागाच नाही की जिथे विनापरवानगी पण कोरडं झोपता येईल. ‘मोकळा किनारा दिसला, तंबू ठोकला’ हे म्हणून इथे चालत नाही. त्यातून वतामूचा समुद्र हा संरक्षित सागरी उद्यानाचा भाग आहे. मालिंदी आणि वतामूची ही उद्यानं १९६८ सालची, केनियातली पहिली. केनिया वाइल्डलाइफ सर्व्हिसचं त्यावर लक्ष असतं, पाण्यात उतरून प्रवाळ बघायला जायचं तर तिकीट लागतं, आणि शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे उचलायला बंदी आहे. मुलांना शाळेत दाखवायला म्हणूनही नाही.

म्हणून माझा सल्ला: पहिल्या खेपेला कुंपण असलेल्या जागी तंबू लावा. वतामू, किलिफी, तिवी, दियानी या सगळ्या ठिकाणी आपल्या आवारात तंबू लावू देणाऱ्या छोट्या जागा आहेत. फोन करून तीनच गोष्टी विचार. रात्री राखणदार असतो का (इथे त्याला ‘अस्कारी’ म्हणतात), संडास-न्हाणीघर रात्रीही उघडं असतं का, आणि तंबूची जागा नारळाच्या झाडाखाली आहे का. तिसरा प्रश्न ऐकून समोरचा हसेल, पण तू कोकणातली नसलीस तर सांगते, वाऱ्यावर नारळ कुणाला विचारून पडत नाही.

कुणाची ओळख निघाली आणि मासेमारी गावाच्या किनाऱ्यावर राहायचं ठरलं, तर गोष्ट जास्त छान होते, पण रीत पाळावी लागते. मासळी उतरवायच्या प्रत्येक किनाऱ्यावर बीएमयू नावाची कोळ्यांची समिती असते. आधी तिच्या अध्यक्षाला भेटायचं. दारात उभं राहून ‘होदी’ म्हणायचं, आतून ‘करीबू’ आलं की आत. वडीलधाऱ्याला ‘शिकामू’ म्हणायचं, तो ‘मारहाबा’ म्हणेल. आपल्याकडे वाकून नमस्कार केल्यावर चेहरा जसा सैलावतो तसा सैलावतो. मग सांगायचं, आम्ही अमुक शाळेत शिकवतो, एक रात्र राहायचंय, कुठे राहू? जागा ते दाखवतात, राखणीला माणूस देतात, त्याचे पैसे आधी ठरवून एम-पेसाने (फोनवरून) द्यायचे. हे किनाऱ्यावरचं मुसलमान वस्तीचं जग आहे. पोहायचे कपडे समुद्रापुरते, गावातून जाताना मुलींनी लेसो (इथलं रंगीत सुती वस्त्र) गुंडाळायचा, मुलांनी उघड्या अंगाने फिरायचं नाही, मशिदीच्या आसपास बीअरची बाटली काढायची नाही. चार मुली आहेत म्हणून तू ‘सेफ आहे का’ विचारलंस. माझ्या अनुभवात ज्या गावाने जागा दाखवली तिथे कधी त्रास झालेला नाही. त्रास झाला तो निर्जन, ‘काय मस्त एकांत आहे’ अशा जागी. अंधार पडल्यावर किनाऱ्याने चालायचं नाही, जोडीनेही नाही. विषुववृत्ताजवळ असल्याने इथे साडेसहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि अर्ध्या तासात काळोख होतो. रेंगाळती संध्याकाळ मिळत नाही, तेव्हा साडेपाचला तंबूंकडे परत.

हिशेबाचं एवढं झालं: शुद्ध अष्टमीचा शनिवार, कुंपणातली किंवा गावाने दाखवलेली जागा, रात्री दहाला पाणी बघून झोप. आता ‘दोन रात्री’ या भागाकडे येते, कारण मला वाटतं तिथे तुमचं गणित चुकतंय.

नैरोबी ते मोम्बासा ४८०-एक किलोमीटर, आणि पुढे वतामू आणखी शंभरेक. २०१७ पासून मडाराका एक्सप्रेस ही रेल्वे आहे, पाच-सहा तासांत मोम्बासाला पोचवते. पण तिचं मोम्बासाचं स्टेशन गावाबाहेर मिरितिनीला आहे. शुक्रवारी दुपारच्या गाडीने निघालात तर रात्री तिथे उतरणार आणि अंधारात मटाटू शोधत दोन-तीन तास वतामूकडे जाणार, अनोळखी जागी मध्यरात्री तंबू लावणार. हे मी माझ्या गटांना करू देत नाही. शुक्रवारी रात्रीची गाडी घ्या. उजाडायच्या आत पोचते, स्टेशनवरच उजेड होईपर्यंत थांबा, मग निघा. किलिफीचा पूल ओलांडून गेडेच्या फाट्यावर उतरलात की पुढे टुकटुक. नऊ-दहापर्यंत वतामूत, आणि अष्टमी असेल तर तेव्हाच भरती समोर उभी. शनिवारची एक रात्र तंबूत, रविवारी सकाळी पोहून, जेवून दुपारी निघायचं, रात्रीच्या गाडीने सोमवारी पहाटे नैरोबी. तंबूत एकच रात्र मिळते, पण शाळेत सोमवारी डोळे उघडे राहतात. दोन रात्री हव्याच असतील तर जोडून सुट्टी येईपर्यंत थांबा. तिकिटं काढताना प्रत्येकाचा पासपोर्ट नंबर लागतो, स्टेशनवर सामान कसून तपासतात, आणि स्टोव्हचा गॅसचा डबा आत सोडत नाहीत. तो लागलाच तर मोम्बासात घ्या.

मलेरिया. यावर जरा थांबते, कारण नैरोबीचे स्वयंसेवक नेमके इथेच फसतात. नैरोबी १,७०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे, तिथे मलेरिया फारसा नाही, म्हणून बहुतेक जण प्रतिबंधक गोळ्या घेत नाहीत किंवा महिन्याभरात सोडून देतात. मग ‘दोनच दिवसांसाठी’ किनाऱ्यावर जातात. किनारा समुद्रसपाटीला आहे आणि तिथला मलेरिया फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे जीवघेणा. डासाला दोन दिवस आणि सहा महिने यातला फरक कळत नाही. जायच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना भेटा. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही गोळी एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस घ्यावी लागते. डॉक्सिसायक्लिन स्वस्त आहे, पण ती परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावी लागते आणि तिच्यामुळे ऊन बाधतं, समुद्रकिनाऱ्याच्या सहलीला ते अडचणीचं. कुणाला कुठली चालेल हे तब्येतीवर आहे, ते डॉक्टरच ठरवतील. गोळी घेतली तरी संध्याकाळनंतर लांब बाह्या आणि डासांचं मलम. तंबूची जाळी ओढलेली, आत शिरताना दिवा बंद. आणि परतल्यावर तीन महिन्यांत कधीही ताप आला तर ‘मी किनाऱ्यावर जाऊन आले’ हे वाक्य डॉक्टरांना स्वतःहून सांगायचं. माझ्याकडच्या एका मुलाने आठ दिवस नुसत्या क्रोसिनवर काढले, त्याला वाटलं शाळेतल्या मुलांकडून सर्दी लागली. शेवटी सलाइन लावावं लागलं.

पाण्यातलं थोडक्यात. किनाऱ्याला समांतर प्रवाळाची भिंत आहे, तिच्या आत पाणी शांत. पण त्या भिंतीत मध्ये मध्ये खिंडी आहेत, आणि ओहोटीला आतलं सगळं पाणी त्यातून बाहेर धावतं. वतामूच्या दक्षिणेला मिडा खाडी आहे, तिच्या तोंडाशी ओहोटीचा ओढा बघितलास तर तुला आपल्या खाड्यांची आठवण होईल. तिथे पोहायचं नाही, भांगातही नाही. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका. आडवं, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडा. पायात जुने कॅनव्हासचे बूट घाला. साळ्याचा काटा पायात मोडला तर इथले लोक कच्च्या पपईचा चीक लावतात, मी लावून घेतलाय, ठणका उतरतो. दगडमाशावर (दगडासारख्या दिसणाऱ्या विषारी माशावर) पाय पडला तर मात्र सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा-एक तास बुडवून ठेवायचा आणि हॉस्पिटल गाठायचं. त्यासाठी एक थर्मास भरून गरम पाणी मी कायम ठेवते. तो आजवर चहालाच उपयोगी पडलाय.

प्यायला माणशी चार लिटर धर. सहा जणांचे चोवीस, तोंड-हात-भांडी धरून वीस लिटरचे दोन कॅन, वतामूच्या बाजारातच घ्यायचे. जलसंजीवनीची पाकिटं, एका लिटरला एक. स्वयंपाकाचा घाट घालूच नका असं मी म्हणेन. सकाळी गावात महामरी आणि म्बाझी मिळते. महामरी म्हणजे वेलदोडा घातलेली फुगलेली गोडसर पुरी म्हण, आणि म्बाझी म्हणजे आपली तूर, नारळाच्या दुधात शिजवलेली. शाकाहारी माणसालाही ती पुरते आणि कोकणातल्या माणसाला घर आठवतं. दुपारी शहाळं, इथे त्याला ‘माडाफू’. खाण्याचं काहीही तंबूत ठेवायचं नाही. दियानी-तिवीकडे माकडं चेन उघडायला शिकली आहेत, आणि कावळे तर आपलेच, अक्षरशः. भारतातला हा कावळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झांझिबारला आणला गेला आणि तिथून सगळा किनारा त्याने व्यापला. पावाचं पाकीट फोडायची त्याची पद्धत दापोलीच्या कावळ्यासारखीच आहे.

शेकोटीचा मोह होईल. जागेच्या मालकाने परवानगी दिली तरच, आणि खारफुटीचं लाकूड तोडून नाही. किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात, त्यामुळे समुद्राकडे रोखलेला पांढरा झोत आणि जाळ दोन्ही टाळलेलं बरं, लाल कागद लावलेली बॅटरी पुरते. आणि शेकोटी केलीच तर ती वाळूने बुजवू नका. वाळूखाली निखारा तासन्‌तास धगधगत राहतो, वरून काही दिसत नाही, आणि सकाळी अनवाणी पोरगं त्यावर पाय देतं. पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता, हाताने चाचपून बघा.

कागदपत्रांचं एकच. पासपोर्टची आणि तुमच्या स्वयंसेवकाच्या परवान्याची प्रत प्रत्येकाच्या खिशात, मूळ पासपोर्ट नैरोबीत कुलपात (माझा अनुभव वर वाचलासच). रेल्वेच्या तपासणीला प्रत चालेल का ते तिकीट काढतानाच विचारून घ्या. संस्थेला कुठे जाताय, कधी परतताय हे लिहून कळवा, आणि विमा फक्त कामापुरता आहे का सुट्टीतल्या पोहण्यालाही लागू आहे, हे वाचून बघा.

आता तंबू, तुझा मूळ प्रश्न. स्वतःच्या कांबींवर उभा राहणारा, दोन बाजूंना जाळी असलेला, तीन माणसांचा म्हणून विकतात तसे तीन घ्या आणि दोघादोघांत एक वापरा. फेब्रुवारीत ‘कास्काझी’ म्हणजे ईशान्येचा वारा असतो, दार त्याच्याकडे पाठ करून. वाळूत लोखंडी खुंट्या टिकत नाहीत. रिकाम्या पिशव्या वाळूने भरून त्यांना दोरी बांधायची आणि वीतभर खोल पुरायच्या, मग तंबू जागचा हलत नाही. पिशव्या कापडी न्या, प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून बंदी आहे आणि दंड मोठा आहे. खाली अंथरायला इथली विणलेली ‘म्केका’ चटई घ्या, फोमपेक्षा गार लागते आणि वाळू झटकली की निघते. नैरोबीत तंबू भाड्याने मिळतात. घेताना दुकानातच प्रत्येक चेन दोनदा उघडून-मिटून बघ. खारी हवा लागून ती हमखास अडकते, नेमकी डास यायच्या वेळी. पिशवीत मेणबत्तीचा एक तुकडा टाक, दातांवरून दोनदा घासला की सुरळीत चालते.